डाव्या कोपराचं प्रकरण: सँडी कोफॅक्सने ३०व्या वर्षी बेसबॉल का सोडला

प्रकरण थोडक्यात

१८ नोव्हेंबर १९६६ रोजी बेव्हर्ली हिल्समधल्या बेव्हर्ली विल्शर हॉटेलात पत्रकारांना बोलावणं गेलं. बोलावणारा होता लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर सँडी कोफॅक्स. नुकत्याच संपलेल्या हंगामात त्याच्या नावावर २७ विजय होते, ३१७ स्ट्राइकआउट होते आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार एकमताने होता, तोही चार वर्षांत तिसऱ्यांदा. वयाची ३१ वर्षं पूर्ण व्हायला सहा आठवडे बाकी होते. त्याने सांगितलं की आपण खेळ सोडतोय.

प्रकरण अभ्यासात नावं बदलायची रीत आहे. इथे त्याचा उपयोग नाही. आकडे लिहिले की बेसबॉल जाणणारा कोणीही नाव ओळखेल. शिवाय यातली माणसं आणि घटना गेली सहा दशकं सार्वजनिक नोंदीत आहेत.

ही गोष्ट एरवी ‘शिखरावर असताना थांबलेला खेळाडू’ अशी सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. बारा वर्षांत त्या डाव्या हाताबद्दलचे बरेचसे निर्णय दुसऱ्यांनीच घेतले. कधी संघटनेच्या एका नियमाने, कधी मॅनेजरने, कधी करारातल्या कलमाने. थांबायचा निर्णय तेवढा त्याचा स्वतःचा होता, आणि तो घोषणेच्या बराच आधी झालेला होता. मधल्या काळात तो कसा वागला, हे मला निवृत्तीपेक्षा जास्त अभ्यासण्यासारखं वाटतं.

क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी चार ओळी

पिचर म्हणजे आपला गोलंदाज, पण कोपर वाकवून फेकायची पूर्ण मुभा असलेला. रनअप नाही. ६० फूट ६ इंचांवरून, मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहून फेकायचं. सगळा वेग खांदा, कोपर आणि कमरेच्या पिळातून काढायचा. ठरलेल्या चौकटीतून गेलेला किंवा बॅट फिरवून हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक; बॅटरला तीन स्ट्राइक दिल्या की तो बाद, हा स्ट्राइकआउट. चार चेंडू त्या चौकटीबाहेर गेले की त्याला पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) आंदण, हा वॉक. चेंडू मारून बेस गाठला की ती हिट. सामना नऊ इनिंग्जचा आणि प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन बळी.

त्या काळी संघाचे मुख्य पिचर चारच असत. म्हणजे दर चौथ्या दिवशी पाळी. आणि जमलं तर नऊच्या नऊ इनिंग्ज एकट्याने टाकायच्या, कारण अर्ध्यात मैदान सोडणं हे कमकुवतपणाचं लक्षण मानलं जाई. सामन्यात किती चेंडू टाकले हे मोजून पिचरला बसवायची पद्धत तेव्हा नव्हती. आज वेगवान गोलंदाजाच्या ‘वर्कलोड’वर समालोचक तासभर बोलतात, तेव्हा हे लक्षात ठेवावं.

पार्श्वभूमी: बाकावरची वर्षं

कोफॅक्स ब्रुकलिनचा. जन्म ३० डिसेंबर १९३५. शाळेत त्याची खरी ओढ बास्केटबॉलकडे होती आणि सिनसिनाटी विद्यापीठातही तो बास्केटबॉलच्याच बळावर टिकला. १९५४च्या वसंतात तिथल्या बेसबॉल संघासाठी त्याने ३१ इनिंग्जमध्ये ५१ स्ट्राइकआउट घेतले, आणि ३० वॉकही दिले. पुढच्या सहा वर्षांची सगळी कुंडली या दोन आकड्यांत आहे. वेग अफाट, आणि चेंडू कुठे पडेल ते देवाला ठाऊक. पिट्सबर्गच्या संघाने चाचणीला बोलावलं तेव्हा त्याचा चेंडू झेलताना तिथल्या प्रशिक्षकाचा अंगठा मोडला.

डॉजर्सचा संघ तेव्हा ब्रुकलिनमध्येच होता. त्यांच्या अल कॅम्पॅनिसने त्याला हेरलं आणि डिसेंबर १९५४मध्ये करार झाला: ६,००० डॉलर पगार आणि १४,००० डॉलर बोनस. आज किरकोळ वाटणाऱ्या या बोनसने सगळा घोळ घातला. श्रीमंत संघांनी पैसे फेकून तरुण पोरं साठवून ठेवू नयेत म्हणून नियम होता की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेल्या खेळाडूला पहिली दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं. खालच्या लीगमध्ये पाठवायचं नाही. अशा खेळाडूंना ‘बोनस बेबी’ म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा टोमणाच जास्त असे.

हेतू चांगला, परिणाम उलटा. १९ वर्षांच्या कच्च्या पोराला जिथे रोज खेळून, चुका करून शिकता आलं असतं, तिथे जायलाच बंदी. आणि मुख्य संघ जेतेपदाच्या शर्यतीत, त्यामुळे तिथे संधी नाही. त्याला जागा करून देण्यासाठी ज्या पिचरला खालच्या लीगमधल्या मॉन्ट्रियलला धाडलं गेलं तो टॉमी लासोर्डा. पुढे हाच माणूस वीस वर्षं डॉजर्सचा मॅनेजर झाला. तेव्हाचा मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारा, वॉल्टर ऑल्स्टन दरवर्षी एकेका वर्षाच्याच करारावर काम करत असे. ज्याची नोकरी दर शरद ऋतूत नव्याने ठरते, तो माणूस सलग तीन वॉक देणाऱ्या पोराच्या हाती सामना का सोपवेल? ऑल्स्टनवर अन्याय केल्याचा ठपका ठेवणं सोपं आहे. त्याच्या जागी बसून पाहिलं की तो तितकासा टिकत नाही.

२७ ऑगस्ट १९५५ रोजी कोफॅक्सने सिनसिनाटीविरुद्ध १४ स्ट्राइकआउट घेत पहिला विजय मिळवला. तरी पहिल्या तीन हंगामांत मिळून त्याला जेमतेम २०५ इनिंग्ज मिळाल्या. पुढे १९६४मध्ये दुखापतीने हंगाम अर्ध्यावर सुटला, त्या एका वर्षात त्याने २२३ टाकल्या. त्यावरून अंदाज यावा. १९५८मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी त्याने एका सामन्यात १८ जणांना स्ट्राइकआउट केलं. पुढच्याच वर्षी मात्र ८ विजय आणि १३ पराभव, १७५ इनिंग्जमध्ये १०० वॉक. पहिल्या सहा वर्षांची बेरीज ३६ विजय, ४० पराभव.

१९६०मध्ये त्याने संघाचे व्यवस्थापक, म्हणजे करार आणि पगार पाहणारे, बझी बवेझी यांच्याकडे नियमित खेळवा, नाहीतर दुसऱ्या संघाला द्या, असा धोशा लावला होता. हंगामाचा शेवटचा सामना झाल्यावर त्याने हातमोजे आणि बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले. कपड्यांच्या खोलीचं काम पाहणाऱ्या नोबे कावानोने ते गुपचूप उचलून ठेवले. थांबायचा विचार त्याच्या मनात पहिल्यांदा आला तो १९६६ला नव्हे. २४व्या वर्षीच आला होता, आणि तेव्हा कोपर ठणठणीत होतं.

एका राखीव कॅचरचा सल्ला

१९६१चा वसंत. फ्लोरिडात सरावाचे सामने चालू होते. ऑर्लँडोला मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात कोफॅक्सने नेहमीप्रमाणे वॉक देऊन तिन्ही बेस भरून टाकले. कॅचर (आपला यष्टिरक्षक) नॉर्म शेरी, स्वतः राखीव खेळाडू, त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला की जोर थोडा कमी लाव, चेंडू बॅटरला मारू दे, मागे क्षेत्ररक्षक उभे आहेत. कोफॅक्सने ऐकलं. पुढचे तिघे स्ट्राइकआउट झाले. सात इनिंग्ज टाकून तो परतला तेव्हा समोरच्या संघाला एकही हिट मिळाली नव्हती. शेरीचं म्हणणं असं की जोर कमी करायला गेलेल्या त्याच्या हातातून चेंडू उलट जास्त वेगाने येत होता.

सल्ला इतका साधा होता की तो यायला सहा वर्षं का लागली, याचंच नवल वाटतं. माझा तर्क असा: बाकावर बसवलेल्या खेळाडूला प्रत्येक संधी शेवटची वाटते, मग प्रत्येक चेंडू तो जीव काढून टाकतो, चेंडू चौकटीबाहेर जातो आणि तो पुन्हा बाकावर जातो. ही गाठ बाहेरून सुटणार नव्हती. सरावाच्या सामन्यात, जिथे निकालाला किंमत नव्हती, तिथेच ती सुटली.

त्या हंगामात त्याने २५५ इनिंग्जहून अधिक टाकल्या आणि वॉक दिले ९६. स्ट्राइकआउट २६९; नॅशनल लीगमधला (अमेरिकेतल्या दोन मुख्य लीगपैकी डॉजर्सची लीग) १९०३पासूनचा विक्रम मोडला. त्यानंतरची पाच वर्षं बेसबॉलच्या इतिहासात तोड नसलेली. १९६२ ते १९६५ दरवर्षी एक नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला पूर्ण सामन्यात एकही हिट नाही. त्यातला चौथा, ९ सप्टेंबर १९६५चा शिकागो कब्जविरुद्धचा, ‘परफेक्ट गेम’: २७ बॅटर आले, २७ परत गेले, बेसवर कोणी पोहोचलंच नाही. समोरच्या पिचरनेही त्या दिवशी एकच हिट दिली होती. सामना १-० सुटला.

अडचण: आधी बोट, मग कोपर

एप्रिल १९६२मध्ये बॅटिंग करताना चेंडू मुठीजवळ आदळला. डाव्या हाताची तर्जनी बधिर व्हायला लागली, मग पांढरी आणि थंड पडली. तो उत्तम फेकत होता, म्हणून त्याने दुर्लक्ष केलं. जूनअखेर पहिला नो-हिटरही याच बोटाने टाकला. जुलैत पूर्ण पंजा बधिर झाला आणि सिनसिनाटीच्या सामन्यात एका इनिंगनंतर बोट फाटलं. तेव्हा कुठे तज्ज्ञाला दाखवलं. तळहातातली धमनी चेचली गेली होती. औषधांनी ती मोकळी झाली आणि बोट वाचलं, पण जवळपास दोन महिने गेले. संघ त्या वर्षी जायंट्सकडून जादा सामन्यांत हरून जेतेपदाला मुकला.

बोट पांढरं पडल्यापासून डॉक्टरपर्यंत पोहोचायला तीन महिने लागले, हे इथे महत्त्वाचं. पुढे कोपराच्या बाबतीत तो डॉक्टरकडे लगेच गेला. सल्ला ऐकणं मात्र त्याला तितकं जमलं नाही.

८ ऑगस्ट १९६४ रोजी मिलवॉकीविरुद्ध तो दुसऱ्या बेसवर होता. बाद होऊ नये म्हणून झेप घेऊन परतताना डावा हात जमिनीवर आपटला. त्यानंतर दोन सामने जिंकले. दुसऱ्या सामन्यात १३ स्ट्राइकआउट घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर हात सरळ होईना. संघाचे डॉक्टर रॉबर्ट कर्लन यांनी क्ष-किरण पाहून निदान केलं: आघातामुळे झालेला सांध्याचा संधिवात. कोपरातली कूर्चा झिजली होती. अशा झिजेवर तेव्हाही रामबाण उपाय नव्हता आणि आजही नाही. कर्लन स्वतः संधिवाताचे रुग्ण होते. पुढे त्यांना कुबड्या घ्याव्या लागल्या. म्हणजे सांध्याचं दुखणं म्हणजे काय, हे सांगणारा माणूस पुस्तकातून बोलत नव्हता.

पहिला निर्णय: आठवड्यातून एकदा

३१ मार्च १९६५. आदल्या दिवशी कोफॅक्सने सरावाचा एक पूर्ण सामना टाकला होता. सकाळी पाहतो तर डावा हात आतल्या रक्तस्रावाने काळानिळा. फ्लोरिडा सोडून तो लॉस एंजेलिसला कर्लन यांच्याकडे गेला. त्यांनी सांगितलं की आठवड्यातून एकदा फेकता आलं तरी नशीब समज. आणि असंच चालू राहिलं तर एक दिवस या हाताचा पूर्ण वापर उरणार नाही. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत चेंडूला हात लावायचा नाही, असंही ठरलं.

मग काय झालं? त्या हंगामात कोफॅक्सने ४१ सामन्यांची सुरुवात केली. जवळपास ३३६ इनिंग्ज, आयुष्यातल्या सर्वाधिक. २६ विजय. ३८२ स्ट्राइकआउट, हा तेव्हाचा आधुनिक काळातला विक्रम.

‘आठवड्यातून एकदा’चं ‘दर चौथ्या दिवशी’ कसं झालं, हा या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत मोठा निर्णयबिंदू, आणि गंमत अशी की तो कोणी घेतल्याची नोंदच नाही. कोणी बैठक घेऊन सल्ला फेटाळला नाही. पहिल्या काही सामन्यांत हात चालला, संघ शर्यतीत होता, पाळी आली की तो उभा राहिला. सल्ला विरघळून गेला. डॉजर्सच्या फलंदाजीत दम नव्हता. त्यांचे सामने १-० आणि २-१ असे सुटत. अशा संघात कोफॅक्सला एक पाळी चुकवायची म्हणजे एक पराभव लिहून ठेवण्यासारखं.

किंमत कशी मोजली जात होती? रोज रात्री कोडीन घातलेली वेदनाशामक गोळी, कधी सामन्याच्या मध्यावरही. सूज उतरवायला ब्युटाझोलिडीन, जे शर्यतीच्या घोड्यांनाही देत आणि ज्याचा माणसांसाठीचा वापर पुढे रक्तावरच्या दुष्परिणामांमुळे जवळपास बंद झाला. अधूनमधून कोपरात कॉर्टिझोनचं इंजेक्शन. सामन्याआधी हातभर कॅप्सोलिनचा लेप: मिरचीतल्या तिखट द्रव्याचं मलम, इतकं जळजळीत की खेळाडूंनी त्याला ‘अॅटॉमिक बाम’ नाव दिलं होतं. आणि सामना संपला की बर्फाच्या पाण्यात कोपर बुडवून बसायचं. हात पुरता सरळ होत नसल्याने कोटाची डावी बाही आखूड करून घ्यावी लागे. छायाचित्रांत पत्रकारांशी हसत बोलणारा कोफॅक्स दिसतो. कोपर बर्फात असतं.

त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) पहिला सामना ६ ऑक्टोबरला योम किप्पूरला आला. ज्यू धर्मातल्या या सर्वांत पवित्र दिवशी तो खेळला नाही. ऑल्स्टनने संघाचा दुसरा मोठा पिचर डॉन ड्रायस्डेलला उभं केलं, संघ हरला, दुसऱ्या दिवशी कोफॅक्सही हरला. या प्रसंगावर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे लांबवत नाही. मला त्याच मालिकेचा शेवट जास्त बोलका वाटतो. पाचवा सामना ११ ऑक्टोबरला कोफॅक्सने जिंकला. सातवा, निर्णायक, १४ तारखेला. ड्रायस्डेलला तीन दिवसांची विश्रांती मिळालेली, कोफॅक्सला दोनच. ऑल्स्टनने कोफॅक्सला निवडलं. त्या दिवशी त्याचा कर्व्हबॉल वळतच नव्हता, म्हणून त्याने जवळपास निव्वळ फास्टबॉलवर नऊ इनिंग्ज टाकल्या. तीन हिट, दहा स्ट्राइकआउट, २-०. डॉजर्स विश्वविजेते. ऑल्स्टनचा निर्णय निकालाने बरोबर ठरला, आणि नेमकी तीच अडचण झाली. दुखऱ्या हाताने दोन दिवसांच्या विश्रांतीवर जिंकता येतं, हे एकदा सिद्ध झालं की पुढच्या वेळी नाही म्हणायला आधार उरत नाही.

दुसरा निर्णय: गुपित तारीख आणि उघड वाटाघाट

१९६५मध्येच कोफॅक्सने सॅन दिएगोचे पत्रकार फिल कॉलियर यांना खाजगीत सांगितलं होतं की पुढचं वर्ष शेवटचं. कॉलियर यांनी ही बातमी जवळपास सव्वा वर्ष पोटात ठेवली. आजच्या काळात हे अद्भुतच म्हणायचं.

आता १९६६च्या वसंताकडे पाहू. तेव्हाच्या करारांत ‘रिझर्व्ह क्लॉज’ असे. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच. दुसरीकडे जायची मुभा नाही, त्यामुळे पगार वाढवून घ्यायचा एकच मार्ग: घरी बसणं. कोफॅक्स आणि ड्रायस्डेल जेवताना बोलत बसले तेव्हा लक्षात आलं की बवेझी दोघांना एकमेकांच्या नावाने खाली ओढतायत. याला सांगायचं तो इतक्यातच राजी आहे, त्याला सांगायचं हा. दोघांनी एकत्र यायचं ठरवलं. एक वकील नेमला आणि मागणी ठेवली: तीन वर्षांसाठी दोघांना मिळून दहा लाख डॉलर. ३२ दिवस दोघं सरावाला गेले नाहीत. शेवटी कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,००० डॉलरवर तडजोड झाली, एका वर्षापुरती.

इथे मी अडखळतो. जो माणूस १९६६ शेवटचं वर्ष म्हणून मनाशी ठरवून बसलाय, तो तीन वर्षांचा करार मागतोय. मालकांनी हो म्हटलं असतं तर? निर्णय पक्का नव्हता आणि मोठ्या रकमेने तो बदलला असता, असं एक वाचन होतं. दुसरं असं की मागणी ड्रायस्डेलसाठीही होती आणि चढा आकडा हा सौद्याचा भाग होता. मला दुसरं पटतं, पण पहिलं पूर्ण खोडता येत नाही. एवढं खरं की निवृत्तीचं गुपित फुटलं असतं तर त्याची आणि ड्रायस्डेलची बाजू त्याच क्षणी लंगडी पडली असती.

एप्रिलमध्ये कर्लन यांनी स्पष्ट सांगितलं की हा हात आणखी एक हंगाम सोसणार नाही, थांब. कोफॅक्सने ते स्वतःपाशी ठेवलं आणि दर चौथ्या दिवशी फेकायला गेला.

समोरचे पर्याय

कागदावर मांडले तर १९६६च्या शेवटी पर्याय चारच दिसतात.

तसंच चालू ठेवणं: पैसा, कीर्ती, आणि ३०० विजयांकडे जाणारा रस्ता. पण दर हंगामाला कूर्चा झिजत जाणार. कमी खेळणं: म्हणजे कर्लन यांचा १९६५चा जुना सल्ला, पण त्याचं काय झालं ते वर आलंच. तिसरा शस्त्रक्रियेचा, पण झिजलेला सांधा पूर्ववत करून पुन्हा त्याच वेगाने फेकता येईल अशी शस्त्रक्रिया कोणाकडे नव्हती. चौथा थांबण्याचा.

दुसरा पर्याय सर्वांत शहाणपणाचा दिसतो आणि सर्वांत फसवाही तोच. त्याची अंमलबजावणी कोफॅक्सच्या हातात नव्हती. १९६६चा शेवट पाहा. २ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात लीगचं जेतेपद पक्कं करायला एक विजय हवा होता. हंगामाचा शेवटचा दिवस, दोन दिवसांची विश्रांती, आणि पुन्हा कोफॅक्सच. तो ६-३ जिंकला. चारच दिवसांनी वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना. एका इनिंगमध्ये सेंटर फील्डवर विली डेव्हिसकडून तीन चुका झाल्या, बाल्टिमोर ६-० जिंकलं आणि पुढे मालिकाही सलग चार सामन्यांत घेऊन गेलं. ६ ऑक्टोबर १९६६चा तो सामना कोफॅक्सचा शेवटचा ठरला. मैदानावरच्या ५५,०००हून अधिक लोकांत ते माहीत असणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

काय केलं

त्याने घोषणा केली. कारण देताना संघावर किंवा डॉक्टरांवर खापर फोडलं नाही. सांगितलं ते इतकंच, की इंजेक्शनं फार झाली, गोळ्या फार झाल्या. गोळ्यांनी पोट कायम बिघडलेलं आणि सामना चालू असताना वेदनाशामकांची धुंदी, असं जगायचं नाही. बेसबॉलनंतर पुष्कळ वर्षं आहेत आणि ती सगळं शरीर वापरता येईल अशी हवीत.

बवेझींनी घोषणा लांबवायची विनंती केली होती. तो थांबला नाही. संघाच्या सोयीला त्याने ठाम नकार दिल्याचे प्रसंग या बारा वर्षांत फारसे सापडत नाहीत.

परिणाम

संघ कोसळला. १९६७मध्ये डॉजर्स ७३ विजय आणि ८९ पराभवांसह दहा संघांत आठवे आले. ड्रायस्डेल १९६९मध्ये खांद्याच्या दुखापतीने थांबला.

कोफॅक्सची बेरीज: १६५ विजय, ८७ पराभव, २,३९६ स्ट्राइकआउट. १९७२मध्ये ३६व्या वर्षी तो हॉल ऑफ फेमवर (बेसबॉलच्या सन्मान दालनात) निवडून आला. इतक्या कमी वयात निवडून आलेला दुसरा कोणी नाही. दूरचित्रवाणीवर समालोचनाचा दहा वर्षांचा करार त्याने सहा वर्षांतच सोडला. बडबड करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पुढे १९७९पासून दशकभर त्याने डॉजर्सच्या खालच्या लीगमधल्या तरुण पिचरना शिकवलं. ज्या खालच्या लीगमध्ये त्याला स्वतःला नियमाने जाऊ दिलं नव्हतं, तिथे.

३२ दिवसांच्या त्या संपाची शेपटी लांब निघाली. खेळाडू पुन्हा असे एकत्र येऊ नयेत म्हणून मालकांनी पुढे सामूहिक करारात कलम घालून घेतलं, आणि समतोल म्हणून तीच बंदी संघांनाही लागू झाली. १९८०च्या दशकात मालकांनी संगनमत करून खेळाडूंचे पगार दाबले तेव्हा याच कलमावर ते हरले आणि त्यांना २८ कोटी डॉलर भरावे लागले.

वेगळं काय करता आलं असतं

बोनसचा नियम नसता तर तो दोन वर्षं खालच्या लीगमध्ये घडला असता, हे सगळेच म्हणतात. मला त्याची इतकी खात्री नाही. तिथे त्याने वर्षाला २०० इनिंग्ज टाकल्या असत्या, आणि विशीतल्या हातावर तेवढा भार आधीच पडला असता. बाकावर सडलेल्या वर्षांनी हात वाचवला, असंही म्हणता येईल. दोन्ही बाजूंचा पुरावा एकाच माणसाच्या हातात आहे, त्यामुळे निकाल लागत नाही.

१९६२च्या बोटाबद्दल मात्र शंका नाही. पांढरं पडलेलं बोट एप्रिलमध्येच दाखवायला हवं होतं. खेळाडूने आपणहून सांगावं यावर व्यवस्था अवलंबून असली की तो सांगत नाही. विचारणारा कोणीतरी नेमावा लागतो.

आणि १९६५. कर्लन यांचा सल्ला तोंडी होता आणि तो पाळायची जबाबदारी कोणाचीच नव्हती. डॉक्टर संघाचा पगारी, मॅनेजरला सामना जिंकायचाय, व्यवस्थापकाला तिकिटं विकायचीत, आणि खेळाडूला स्वतःलाच फेकायचंय. पाच दिवसांचं अंतर लेखी ठरवून ऑल्स्टनला बांधून ठेवलं असतं तर १९६५चं जेतेपद कदाचित गेलं असतं. कोपर आणखी दोन-तीन वर्षं टिकलं असतं का? झीज सुरू झाली होती, त्यामुळे ‘वाचलं असतं’ असं म्हणायला मी धजणार नाही. ‘सावकाश झिजलं असतं’ इतपत म्हणेन.

शेवटचं शस्त्रक्रियेबद्दल. कर्लन यांच्याच दवाखान्यातले भागीदार डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉजर्सच्याच आणखी एका डावखुऱ्या पिचरच्या, टॉमी जॉनच्या, कोपरात फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसऱ्या हाताचा स्नायूबंध बसवला. आज ती शस्त्रक्रिया त्याच खेळाडूच्या नावाने ओळखतात. कोफॅक्सचं निदान संधिवाताचं होतं, अस्थिबंधाचं नव्हे, त्यामुळे ती त्याला उपयोगी पडली असती असं छातीठोक सांगता येत नाही. कोपराच्या आत डोकावून पाहायची साधनंही १९६६मध्ये नव्हती. टॉमी जॉन त्यानंतर १९८९पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. कोफॅक्सचे सगळ्या कारकिर्दीतले मिळून १६५.